एक खोली, एक पडदा

दर वर्षी राखेच्या बुधवारी वेदीवरून मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही कृत्ये लोकांनी पाहावीत म्हणून करू नयेत, असे प्रभू येशू त्यात बजावतो. प्रार्थनेविषयी तो सांगतो की, आपल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि मग पित्याशी बोलावे. धर्मगुरू झाल्यापासून या वचनावर आम्ही अनेक प्रवचने दिली. मौन, एकांत, अंतर्मुखता हे शब्द त्यांत पुष्कळदा आले. मात्र ज्याच्या घरात लावून घ्यायला दारच नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न आमच्या प्रवचनात एकदाही आला नाही. याचे आज आम्हांला नवल वाटते, कारण आमचा जन्म अशाच एका घरात झाला आणि वयाची पहिली अठरा वर्षे आम्ही तेथेच काढली.

परळच्या बाजूला गिरणगावात आमची चाळ होती. खोली दहा फूट बाय बारा फूट. एका कोपऱ्यात मोरी, तिला लागून ओटा, वर सामान ठेवण्यापुरता माळा, आणि पूर्वेच्या भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर. बाहेर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी आणि तिच्या टोकाला सार्वजनिक संडास. मुंबईतल्या असंख्य कुटुंबांचे जगणे याच मापात बेतलेले होते. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोल्याही सुमारे १६० चौरस फुटांच्याच. एकट्या पुरुषाने गावाहून यावे, गिरणीत राबावे आणि पाठ टेकायला खोलीवर यावे, एवढाच विचार अशा खोल्यांमागे असावा. पुढे त्या पुरुषाची बायको आली, मुले झाली, म्हातारी आई आली. खोली मात्र तेवढीच राहिली. धोबीतलावाला गोव्याच्या खलाशांचे जे कूड होते, तेथे तर प्रत्येकाच्या वाट्याला एका ट्रंकेपुरतीच जागा येई. तरीही भिंतीशी एक वेदी असे आणि संध्याकाळची रोजरी चुकत नसे.

आमच्या घरात आजी, आईवडील, थोरले बंधू, दोन बहिणी आणि आम्ही अशी सात माणसे होती. वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांचे साचे जे थांबले ते पुन्हा चालू झाले नाहीत. दादांनी शिक्षण सोडून छापखान्यात नोकरी धरली. मे १९८६मध्ये त्यांचे लग्न झाले. आम्ही नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. लग्नाच्या आठवडाभर आधी आमच्या घरात पडदा आला.

तो तयार होताना आम्ही पाहिला. वडिलांनी गिरणीत असताना तुकड्यांचे कापड वजनावर आणून ठेवले होते. पांढरे जाड सुती कापड, आणि त्याला बोटभर रुंदीची निळी किनार. आईने त्याचे तीन पट्टे हाताने जोडले. वडिलांनी समोरासमोरच्या भिंतींत दोन खिळे ठोकून तार ताणली. तारेला मध्ये झोळ पडू लागला, तेव्हा छताच्या तुळईपासून सुतळीने तो वर बांधून घेतला. पडद्याला पितळी कड्या लावल्या. खालची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवली, म्हणजे मोरीचे पाणी बाहेर आले तरी कापड भिजू नये. वरची कड पंख्याच्या पात्याखाली हातभर ठेवली, कारण घरात पंखा एकच होता आणि त्याचा वारा दोन्ही बाजूंना जायला हवा होता. स्टोव्ह पेटवायचा असेल तेव्हा पडदा गुंडाळून खिळ्याला अडकवायचा, हा आईचा नियम. रॉकेलच्या स्टोव्हाचा भडका आणि कापड यांची गाठ पडू नये म्हणून त्या बाबतीत ती फार कडक होती.

शेजारच्या काकू तार ताणण्याचे हे काम पाहत दारात उभ्या होत्या. त्या हसून आईला म्हणाल्या, "आमच्यात अंतरपाट दूर होतो तेव्हा लग्न लागतं. तुमच्याकडे लग्न लागायचं म्हणून अंतरपाट आणताय." आईही हसली. वडील मात्र हसले नाहीत. आयुष्यभर ज्यांनी लोकांच्या घरांसाठी कापड विणले, त्यांना आपल्या मुलाला एक भिंत देता येत नव्हती. त्या वेळी हे आमच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या हातातला हातोडा दोनदा खिळ्याऐवजी भिंतीवर बसला, एवढेच आठवते.

उन्हाळ्यात पुरुषमाणसे गॅलरीत झोपत. पाऊस सुरू झाला की, सगळी अंथरुणे आत येत आणि मग पडद्याच्या एका बाजूला सहाजण व दुसऱ्या बाजूला दोघे, अशी विभागणी होई. भिंतीला कान असतात अशी आपल्याकडे म्हण आहे. पडद्याला तर कानाशिवाय काहीच नसते. कापडाने दृष्टी अडते. खोकला, उसासा, कुजबुज यांतले काहीही अडत नाही. म्हणून त्या कापडाच्या जोडीला घरातल्या प्रत्येकाला दुसरा एक पडदा मनात बाळगावा लागे. आत जायचे तर आधी खाकरायचे. रात्री पाणी प्यायला उठायचे तर भांड्याचा आवाज करायचा. कानावर आले तरी ऐकले नाही असे समजायचे आणि सकाळी त्याची खूण चेहऱ्यावर उमटू द्यायची नाही. हे आम्हांला कोणी शिकविले नाही. आजी भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढीत पडायची, तिच्याकडे पाहूनच आम्ही शिकलो.

पुढे उत्पत्तीच्या पुस्तकाचा अभ्यास करताना नवव्या अध्यायात आम्ही थबकलो. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. एक मुलगा ते पाहतो आणि बाहेर जाऊन सांगतो. उरलेले दोघे खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत जातात आणि तोंड फिरवूनच पित्याला झाकतात. वर्गात त्या उताऱ्याचे बरेच विवेचन झाले. आम्हांला मात्र आमची खोली दिसत होती. पाठमोरे चालणे म्हणजे काय, हे चाळीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

असे असूनही एका रात्री हा नियम आमच्याकडून मोडला. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

१९८८च्या जून महिन्यात आम्ही सेमिनरीत जाणार होतो. बारावी झाली होती. आपल्याला परमेश्वराचे पाचारण झाले आहे, असे आम्ही सर्वांना सांगितले होते आणि आमचीही तशीच समजूत होती. निघण्याच्या आदल्या रात्री झोप येत नव्हती. पाऊस पडत होता. पडद्यापलीकडून वहिनींचा हळू आवाज आला, "भावजी गेले की त्या कोपऱ्यात पाळणा बांधता येईल." दादा काही बोलले नाहीत. वहिनींना तेव्हा दिवस गेले होते.

ते वाक्य ऐकले नाही असे समजणे आम्हांला जमले नाही. आम्ही घर सोडून चाललो होतो, आईचे डोळे दोन दिवस सुकले नव्हते, आणि कोणीतरी आमच्या अंथरुणाची जागा मोजत होते! तरुण वयात त्यागाचा अभिमान फार असतो. आपल्या त्यागाचे कोणाला इतक्या साध्या कारणासाठी बरे वाटावे, हे मनाला लागले. पुढील कित्येक वर्षे आम्ही वहिनींशी जेवढ्यास तेवढे बोललो. सुट्टीत घरी आलो तरी एखाददुसरी रात्र काढून निमित्ताने परत जात असू. जागेची अडचण, असे कारण द्यायचो. ते खरेही होते आणि ढालीसारखे उपयोगीही पडे. मुळातच त्या घरात आल्यापासून वहिनी अबोल होत्या. पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तर त्या आणखी मिटून गेल्या होत्या. आम्ही त्यांना मनोमन घुमी ठरवून टाकले.

त्या वाक्याची दुसरी बाजूही होती, आणि ती अधिक टोचत होती. सेमिनरीत काही काळाने आम्हांला स्वतंत्र खोली मिळाली. टेबल, खाट, खिडकी आणि आतून कडी लावता येईल असे दार. पहिल्या रात्री कडी लावली आणि शांततेने झोप लागेना. उठून कडी काढली तेव्हा डोळा लागला. मात्र महिनाभरात त्या दाराची सवय झाली, आणि मग एका संध्याकाळी प्रार्थनेत प्रश्न उभा राहिला. आपल्याला हाक आली ती देवाची की या खोलीची? आध्यात्मिक मार्गदर्शक असलेल्या वृद्ध धर्मगुरूंपुढे आम्ही हे उघड केले. ते म्हणाले, "देव कोणत्या दारातून आत घेतो, हे त्याला ठरवू द्यावे. आत आल्यावर काय करतोस, ते तू पाहा." त्या उत्तराने आम्हांला धीर आला. तरी प्रश्न पूर्ण मिटला असे आजही म्हणवत नाही.

धर्मगुरूचे पुष्कळसे काम पडद्याच्या आधाराने चालते. पापनिवेदनाच्या कठड्यातील जाळी आपल्याला अनादी वाटते. परंतु तिची रीत बसविण्यात मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ यांचा मोठा वाटा आहे. चर्चच्या बांधणीविषयी १५७७ साली त्यांनी जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारा यांच्यामध्ये जाळी असावी असे सांगितले. १९८३च्या धर्मसंहितेनेही अशा जाळीची सोय ठेवण्याचा नियम कायम ठेवला आहे. बोलणे ऐकू यावे आणि चेहरा दिसू नये, ही त्यातली योजना. आमच्या चाळीतल्या पडद्याचेही हेच वर्णन करता येईल. फरक एवढाच की, कठड्यात जे ऐकू येते ते ऐकण्यासाठीच आपण बसलेलो असतो, आणि ऐकलेले कायमचे पुरून टाकण्याची शपथ आपल्याला असते. चाळीत ती शपथ आजीने न घेताच पाळली. आम्ही, ज्यांना पुढे ती विधिपूर्वक घ्यायची होती, ते पहिल्याच कसोटीला चुकलो.

पवित्र शास्त्रात पडद्याची कथा फार मोठी आहे. निर्गमच्या सव्विसाव्या अध्यायात देव मोशेला निवासमंडपाची मापे सांगतो. तलम सणाच्या कापडाचे दहा पडदे, प्रत्येक अठ्ठावीस हात लांब व चार हात रुंद. ते जोडण्यासाठी दोन्ही कडांना पन्नास-पन्नास बिरडी आणि सोन्याच्या पन्नास कड्या. मग पवित्र स्थान आणि परमपवित्र स्थान यांच्यामध्ये निळ्या, जांभळ्या व किरमिजी रंगाचा अंतरपट. कड्या किती आणि बिरडी किती हे स्वतः परमेश्वर सांगत आहे, हे वाचताना आम्हांला सुतळी आणि तार घेऊन उभे असलेले वडील आठवतात. वाळवंटात देवाचे घरही कापडाचेच होते. पुढे मंदिर दगडाचे झाले, तरी अंतरपट राहिला, आणि उत्तम शुक्रवारी प्रभूने प्राण सोडला तेव्हा तो वरपासून खालपर्यंत फाटला.

या फाटलेल्या पडद्यावर आम्ही नेहमी उत्साहाने बोलत आलो. देव आणि मानव यांच्यातील आडकाठी गेली, हा त्याचा अर्थ आहेच, आणि इब्री लोकांस पत्र तर ख्रिस्ताच्या देहालाच तो पडदा म्हणते. पण म्हणून सगळे पडदे फाडण्यासाठी असतात असे नाही. देवापासून माणसाला दूर ठेवणारा पडदा देवाने फाडला. माणसाची लाज राखणारे वस्त्र त्याने फाडले नाही. उलट एदेन बागेतून बाहेर काढण्यापूर्वी आदाम आणि हव्वेला त्याने स्वतः वस्त्रे करून घातली. हा भेद आम्हांला उशिरा कळला.

२०२०मध्ये करोनाची टाळेबंदी झाली, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील तरुण घरोघरी धान्य पोहोचवीत होते. एके दिवशी त्यांपैकी एकाने सांगितले, "फादर, एका घरी तांदूळ नकोत म्हणाले. दोन चादरी आणि दोरी मागितली आहे." त्या घरात वडिलांना लागण झाली होती, रुग्णालयात जागा मिळाली नव्हती आणि खोली एकच होती. चादरीने विषाणू अडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. तथापि आजारी माणसाला कपडे बदलायचे होते, कण्हायचे होते, आणि मुलांनी ते पाहू नये असे त्याला वाटत होते. आम्ही सभागृहाचे जुने पडदे उतरवून पाठविले. त्याच दिवसांत कितीतरी बायका आम्हांला जिन्यातून फोन करीत. घरात सगळी माणसे चोवीस तास असताना मनातले बोलायला तेवढीच जागा उरली होती. कोणी बोलता बोलता गप्प होई. जिन्यावरून कोणीतरी जात असे. मग पुन्हा आवाज येई. 'दार लावून घ्यावे' या वचनाचा अर्थ आम्ही तेव्हा जिन्यात उभ्या असलेल्या त्या बायकांकडून शिकू लागलो.

आमची चाळ पाडली गेली आणि तिच्या जागी उंच इमारत उभी राहिली. गिरणगावाचे हे स्थित्यंतर सर्वांच्या परिचयाचे आहे. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६०च्या जागी ५०० चौरस फूट. आमच्या दादांना त्यांच्या वाट्याचे घर त्याआधीच मिळाले. जानेवारी २०२५मध्ये त्यांनी घर आशीर्वादित करण्यासाठी आम्हांला बोलाविले. आजी, आई, वडील आता देवाघरी आहेत, बहिणी आपापल्या संसारात. दोन खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर, आणि प्रत्येक खोलीला दार. आम्ही प्रार्थना म्हणत, पवित्र पाणी शिंपडीत एकेका दारातून आत गेलो आणि बाहेर आलो.

जेवण झाल्यावर दादा कलंडले. वहिनी आणि आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. सदतीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य आम्ही त्यांना सांगितले, आणि ते ऐकल्याचा राग इतकी वर्षे बाळगला याबद्दल क्षमा मागितली.

वहिनींना ते आठवत नव्हते. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "म्हटलं असेन. खरंच होतं ते. जागा लागतच होती." आणि मग, धर्मदीक्षेपासून आम्हांला 'फादर' म्हणणाऱ्या वहिनी जुन्या हाकेने म्हणाल्या, "भावजी, तुम्ही ऐकलं ते ऐकलंत. जे ऐकू आलं नाही त्याचं काय?"

मग त्यांनी सांगितले. १९८७च्या पावसाळ्यात त्यांचे पहिले बाळ पोटातच गेले होते. घरात आईला आणि दादांना तेवढे ठाऊक होते. आम्हांला आणि बहिणींना, वहिनींना ताप आला आहे, असे सांगण्यात आले होते. त्या चार दिवस पडद्याआड पडून होत्या. "पडद्याआड रडता येत नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडे तुम्ही अभ्यास करत होता. आजी माळ ओढत होत्या. उशीचा कोपरा तोंडात धरून रडले. पुढे सवयच लागली. मोठ्यानं रडायचं राहूनच गेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला पाळण्याची इतकी घाई. पाळणा बांधला की बाळ राहील, असं वाटायचं."

आम्ही काय बोलणार? ज्या वहिनींना आम्ही घुमी ठरविले होते, त्यांनी आमच्या अभ्यासात खंड पडू नये म्हणून आपला हुंदका आवरला होता. आमचे पाचारण ज्या शांततेत वाढले, तिच्यासाठी कोणी काय मोजले, याचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. त्याग करून घर सोडणारे आम्ही एकटे, अशी आमची समजूत होती. हे सारे येथे लिहिले आहे ते वहिनींच्या परवानगीने.

थोड्या वेळाने आम्ही त्यांना विचारले, "तो पडदा जपून ठेवला आहे का?" मनात आले होते की, मागून घ्यावा आणि आपल्या खोलीत ठेवावा.

वहिनी हसल्या. "त्याची कधीच फडकी केली. चांगलं सुती होतं. लादी पुसायला त्याच्यासारखं कापड नाही." आणि दिवाणखान्याच्या लादीवर पवित्र पाण्याचे थेंब सांडले होते, त्यावरून कोणी घसरेल म्हणून त्यांनी मोरीजवळचे फडके आणून ते पुसले. विरलेल्या कापडाच्या एका कडेला बोटभर निळी किनार अजून दिसत होती.

त्या वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता. तेच शुभवर्तमान आम्ही पुन्हा वाचले. प्रवचनात सांगितले की, 'खोली' या ठिकाणी मूळ ग्रीकात जो शब्द आहे, त्याचा अर्थ धान्य साठविण्याची आतली कोठडी असाही होतो. गालिलातल्या गरिबाच्या घरात दार लावून घेण्याजोगी जागा असलीच, तर ती बहुधा तेवढीच. ज्यांच्या घरी तीही नाही त्यांच्यासाठी दार लावून घेण्याचे काम घरातल्या इतरांना करावे लागते. कोणी नजर वळवून ते करतो, कोणी कान मिटून, आणि कोणी अर्धा तास उगाचच गॅलरीत जाऊन उभे राहून. दुसऱ्याला रडण्यापुरता, बोलण्यापुरता, देवापाशी बसण्यापुरता आडोसा देणे, हाही उपवासकाळाचा एक उपवास आहे. एवढेच बोलून आम्ही थांबलो.

मिस्सानंतर राख लावून घेतलेल्या कपाळांनी लोक घरोघरी गेले. आमच्या धर्मग्रामातील निम्म्याहून अधिक घरे आजही एका खोलीची आहेत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चर्चचे बाजूचे दार दुपारीही उघडे ठेवू लागलो. एक ते चार या वेळात तेथे कोणी नसते. मागच्या बाकांवर कोणी येऊन बसते, कधी रडल्याचा आवाज येतो. आम्ही तेव्हा आपल्या कार्यालयाचे दार लोटून घेतो.